मस्टरवरची आया

"तू खाली बस ना, मोरीपाशी. तिथे वारा छान येतो," वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, म्हणाल्या.

पंखा डायनिंग टेबलाच्या वर होता. मोरीपाशी भांड्यांची टोपली होती आणि एक ओला पाट. मी पाटावर बसले. टेबलाशी पल्लवी बसली होती. डॉक्टरांची पुतणी. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे वरून बघितलं. मी शिकवायचं, तिनं लिहून घ्यायचं. शिकवणारी जमिनीवर आणि शिकणारी खुर्चीवर, अशी ती शिकवणी.

डोंबिवलीतलं ते नर्सिंग होम तळमजल्यावर होतं आणि डॉक्टरांचं घर त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खाली लेबर रूम मी सांभाळायचे. पेशंट मला सिस्टर म्हणायचे. जिना चढून वर आले की मी सिस्टर राहायचे नाही. वहिनींच्या सासूबाईंना आंघोळ घालायलाही मलाच बोलवायचे.

मी पल्लवीला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल सांगत होते.

"बाळ आलं, वार पडली, तरी रक्त थांबत नाही. पहिल्यांदा काय करशील?"

ती वहीत बघायला लागली.

"वहीत नको बघू. पोटावर हात ठेव. गर्भाशय मऊ लागतंय की घट्ट, ते बघ. मऊ असेल तर चोळायला लाग. हात थांबवायचा नाही. चोळता चोळता मदतीला हाक मारायची."

वहिनी चहा गाळत होत्या. टेबलावर कपबशी गेली. माझ्यापुढे स्टीलचं फुलपात्र आलं. ते मोरीवरच्या फळीवर वेगळं ठेवलेलं असायचं, माझ्यासाठी आणि लादी पुसणाऱ्या बाईसाठी. सहा वर्षं मी त्यातूनच चहा प्यायले. त्या दिवशी वहिनींचा मूड चांगला होता. पल्लवीला म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण आहे हो. डॉक्टरही म्हणतात. लहानपणापासून मासळी साफ करून करून हात बसलेला असतो ना या लोकांचा."

पल्लवी हसली. मीही हसले. वहिनींच्या बोलण्यापेक्षा ते माझं हसणं मला अजून जास्त टोचतं.

मी खाडीकाठची. कोळ्याची पोर. बाबा खाडीत जाळं टाकायचे, आई पाटी घेऊन बाजारात बसायची. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं तशी मासळी कमी झाली. मग आई ठाण्याहून माल आणून विकायची. दहावीनंतर आमच्या आळीतल्या मुलींची लग्नं व्हायची. मी नर्सिंगचा फॉर्म भरला. सरकारी हॉस्पिटलच्या शाळेत साडेतीन वर्षं काढली. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात एका मुलीनं माझी ट्रंक उघडायच्या आधी खिडकी उघडली होती. ट्रंकेत दोन साड्या आणि पुस्तकं होती, त्यांना कसला वास येणार? मी काही बोलले नाही. तेव्हापासून मूग गिळून बसायची सवय लागली, ती बरीच वर्षं सुटली नाही.

कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पोस्टानं आलं तेव्हा आई बाजारातून येऊन टेकलीच होती. तो कागद हातात घ्यायच्या आधी तिनं दोनदा हात धुतले. मग पदराला पुसले. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसली.

तोवर मी त्या नर्सिंग होममध्ये लागून काही महिने झाले होते. पहिल्या दिवशी मस्टरवर सही करताना बघितलं. नाव माझं, पुढं हुद्दा आया. डॉक्टर म्हणाले, "रजिस्ट्रेशन यायचंय ना अजून तुझं? आलं की बदलू." पटण्यासारखं होतं. कागद आला तशी मी झेरॉक्स नेऊन दिली. पुढच्या महिन्याच्या मस्टरवर पुन्हा आया. मी विचारलं.

"अगं, हुद्द्यानं काय फरक पडतो? पेशंट तुला सिस्टरच म्हणतात ना?"

मी सही केली. त्यानंतर विचारलंच नाही. रोज सकाळी यायचं, मस्टर ओढायचं, सही ठोकायची आणि कामाला लागायचं. कामच इतकं असायचं की हुद्दा वाचायला वेळ कुणाला होता. खरं सांगायचं तर वेळ होता. वाचलं असतं तर भांडावं लागलं असतं, आणि भांडायची ताकद नव्हती.

माझ्या वरच्या ओळीत दुसरं एक नाव असायचं. हुद्दा स्टाफ नर्स. त्या ओळीतल्या सह्या महिनाअखेरीला एकदमच भरलेल्या दिसायच्या, एकाच पेनानं. त्या नावाची नर्स मी कधी बघितली नव्हती. वाटलं, असेल कुणी कागदापुरती. नाव पल्लवी होतं, आडनाव डॉक्टरांचं.

डॉक्टर हुशार होते, नाही म्हणणार नाही. सिझेरियनला, चिमट्याच्या बाळंतपणाला ते असायचे. बाकी सगळं माझ्यावर. आंबिवलीहून, टिटवाळ्याहून बायका यायच्या, कळा सुरू झालेल्या, रिक्षातून उतरतानाच पाणी गेलेलं. त्यांना धरून आत नेण्यापासून बाळ पुसून आईच्या छातीवर देईपर्यंत सगळं मी करायचे. मग वर बेल वाजवायची. डॉक्टर खाली यायचे, टाके असतील तर घालायचे, नातेवाइकांशी बोलायचे. डिलिव्हरी रजिस्टरमध्ये नोंद माझ्या अक्षरात, आणि प्रसूती कोणी केली त्या रकान्यात डॉक्टरांचं नाव. तेही मीच लिहायचे.

अशी सहा वर्षं गेली. पाठ दुखायला लागली. पायाच्या शिरा दिसायला लागल्या.

माझ्या ट्रेनिंगच्या बॅचमधली एक मैत्रीण मस्कतला गेली होती. तिनं पत्रात लिहिलं, इथं ड्युटी संपली की खरंच संपते, आणि मालकिणीच्या सासूला आंघोळ घालायला कुणी बोलावत नाही. मी ते पत्र घडीवर फाटेपर्यंत वाचलं. मग ठाण्याला एका एजंटकडून फॉर्म आणला. दहावीचा दाखला, ट्रेनिंगची गुणपत्रिका, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पासपोर्ट. हे सगळं माझ्याकडे होतं किंवा होणार होतं. एकच गोष्ट राहिली होती. निदान दोन वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केल्याचं सर्टिफिकेट, वॉर्डाच्या नावासकट, मालकाच्या सहीशिक्क्याचं. तिकडच्या हॉस्पिटलची माणसं मुंबईत मुलाखती घ्यायला येणार होती. त्याआधी फॉर्म पोचायला हवा होता.

दोन वर्षं मागत होते. माझ्याकडे सहा होती. मी निर्धास्त होते.

त्याच मुलाखतीला पल्लवीही बसणार, हे मला त्या शिकवणीच्या वेळीच कळलं. तिचा नवरा मस्कतला इंजिनियर होता. तिनं पुण्याला नर्सिंग केलं होतं, पास झाल्यावर लगेच लग्न. मला वाटलं, ही बिचारी नवीन, हिला दोन वर्षं कुठून मिळणार? मस्टरवरचं ते नाव तेव्हा डोक्यातही आलं नाही. म्हणून शिकवताना हात आखडला नाही. शिवाय मनात हिशेब होताच. पुतणीला शिकवलं तर डॉक्टर माझं सर्टिफिकेट खुशीनं देतील.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी डॉक्टरांकडे सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी लगेच टाईप करून दिलं. नर्सिंग होमच्या लेटरहेडवर, इंग्रजीत. सदर बाई आमच्याकडे सहा वर्षं आया म्हणून कामाला आहेत. स्वभावानं प्रामाणिक, कष्टाळू आणि स्वच्छ राहणाऱ्या आहेत.

स्वच्छ हा शब्द मी दोनदा वाचला.

"डॉक्टर, यात आया लिहिलंय."

"मग?"

"मी स्टाफ नर्स आहे. रजिस्टर्ड आहे."

त्यांनी मस्टर पुढं ओढलं. पानं मागं उलटत गेले. प्रत्येक पानावर बोट ठेवलं. "ही सही तुझीच ना? हीपण? हा हुद्दा बघ. उद्या कुणी तपासायला आलं तर मी खोटं लिहून दिलं असं होईल. मी खोटं कसं लिहू?"

सह्या माझ्याच होत्या. सहा वर्षं रोज सकाळी मी स्वतःच्या हातानं, स्वतःला आया करत आले होते. कुणी धरून करवून घेतलं नव्हतं. डॉक्टरांचा राग आलाच, पण त्या क्षणी स्वतःची शरम जास्त वाटली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि लेबर रूममध्ये जाऊन हातमोजे धुवायला बसले.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. या वेळी दार लावून घेतलं. बसायला स्टूल दिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पुढ्यात पल्लवीचा फॉर्म होता, माझ्याकडे होता तसाच. त्याला सर्टिफिकेट जोडलेलं. सहा वर्षं. स्टाफ नर्स. लेबर रूम. माझी सगळी वर्षं तिथं होती, एकही कमी नाही. लागल्याची तारीखसुद्धा माझीच होती. पल्लवी त्या वर्षी कॉलेजात होती की शाळेत, देव जाणे. रजिस्ट्रेशनची तारीख कोण ताडून बघतंय, असं डॉक्टरांना वाटलं असणार. मस्टरच्या वरच्या ओळीतलं नाव इतकी वर्षं कशासाठी ठेवलं होतं, ते मला आत्ता कळलं.

"पल्लवीच्या कागदांवर अजून माहेरचंच आडनाव आहे, काका-पुतणीचं एकच," डॉक्टर म्हणाले. "एजंट म्हणतो, मालक नातेवाईक असेल तर सोबत एका रजिस्टर्ड नर्सची सही लागते. नर्सिंग इनचार्जची. इथं तुझी सही आणि रजिस्ट्रेशन नंबर टाक."

मी फॉर्मकडे बघत राहिले. त्यांनी छापील जागेवर माझं नाव आधीच टाईप करून घेतलं होतं. नावाच्या आधी सिस्टर.

"आणि हे बघ," ते आवाज उतरवून म्हणाले, "तू हे कर, मग तुझंही करू. स्टाफ नर्स म्हणून दोन वर्षांचं लिहून देतो. तुला दोनच लागतात ना? मस्टरचं मी बघून घेईन. शनिवारपर्यंत दे."

मस्टरचं बघून घेता येत होतं, हे तीन दिवसांत त्यांना सुचलं. माझीच सहा वर्षं, त्यातली दोन ते मला परत देत होते आणि चार पुतणीच्या पदरात टाकत होते. खरं तर सहाच्या सहा तिला, आणि वर दोन मला. एकाच कामातून दोन नर्सेस काढायच्या होत्या.

घरी आईला सांगितलं. ती कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मान वर न करता ऐकत राहिली.

"मंग कर ना सही," ती म्हणाली. "तुजा काय जातंय?"

"माझं काम जातंय गो आई."

"काम तुजे आंगात हाय. ता कोन नेतंय? कागद मिलतंय तं घे. मस्कतला जाशील. हितं र्‍हाशील तं त्या बाईचे सासूचा मुताचा भांडा उचलशील जलमभर."

ती चुकीचं बोलत नव्हती. मी तिच्याशी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म पर्समध्ये घालून कामावर गेले. सही करायची असं जवळजवळ ठरलं होतं. थकले होते मी. थकलेल्या माणसाला दोन वर्षंही पुष्कळ वाटतात.

शुक्रवारी दुपारी पल्लवी खाली लेबर रूममध्ये आली. टेबल रिकामं होतं. म्हणाली, "हत्यारं एकदा दाखवून ठेव ना. विचारलं तर नावं तरी सांगता यायला हवीत."

मी ट्रे उघडला. तिनं नाळ कापायची कात्री उचलली, उलटसुलट करून बघितली.

"ही टाके काढायची ना?"

"नाळ कापायची."

"हं. ट्रेनिंगला दाखवली होती." मग हसून म्हणाली, "खरं सांगू? रक्त बघितलं की मला अजून गरगरतं. होईल तिकडे गेल्यावर सवय. सांभाळून घेतात ना तिथे सीनियर लोक?"

"तू सहा वर्षांची सीनियर म्हणून जाणार आहेस," मी म्हणाले.

वाईट मुलगी नव्हती ती. भ्यायली होती. तिनं कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि हात ओढणीला पुसले.

ती गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. मस्कतही समुद्राकाठी आहे, मैत्रिणीनं लिहिलं होतं. तिथंही कोळी असणार. त्यांच्या बायका बाळंत होणार. त्यातली एखादी टेबलावर असेल, रक्त थांबत नसेल, आणि तिच्या पोटावर जो हात यायला हवा तो वहीत उत्तर शोधत असेल. ड्युटी लिस्टवर लिहिलेलं असेल, सहा वर्षं अनुभव, लेबर रूम. खाली सही माझी. त्या बाईला काय झालं ते मला कधी कळणारही नाही. आईला वाटत होतं, एका सहीनं काय जातंय. कागदाखाली बाई झोपलेली असते, हे मी तिला नीट सांगू शकले नव्हते.

शनिवारी ओपीडी चालू असतानाच डॉक्टरांनी विचारलं. वहिनीही तिथंच होत्या, केसपेपर लावत.

"केलीस सही?"

"नाही."

"का?"

"मस्टरवर मी आया आहे. आयाची सही चालत नाही."

बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "शहाणपणा नको करू. तुझंही लिहून देतोय ना मी?"

"माझी सहा आहेत. मला दोन नकोत. आणि पल्लवीनं केलेलं एकही बाळंतपण मी बघितलेलं नाही. बघितलं असं मी लिहिणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "घरात घेतलं, चहापाणी केलं, त्याचे हे पांग फेडलेस."

"फुलपात्रातून केलंत, वहिनी."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. मी पल्लवीचा फॉर्म सही न करताच टेबलावर ठेवला, त्यावर माझं आयाचं सर्टिफिकेट ठेवलं, आणि लेबर रूममधून डबा आणि चपला घेऊन निघाले. डॉक्टर मागून म्हणाले, "तुला सर्टिफिकेट देणार कोण?" मी मागं वळले नाही. देणारं कुणी नव्हतंच.

पल्लवी मस्कतला गेली. कुणा निवृत्त मेट्रनची सही मिळाली म्हणे. माझ्या नाही म्हणण्यानं काही अडलं नाही. त्या मुलाखती झाल्या, संपल्या. माझा फॉर्म घरी गादीखाली राहिला. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

पुढं कल्याणला सरकारी दवाखान्यात लागले. पहिल्या दिवशी क्लार्कनं मस्टर पुढं केलं. मी हुद्द्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. तो म्हणाला, "अहो बाई, सही करा ना, मागे लाईन लागलीय." मी म्हटलं, लागू दे. स्टाफ नर्स लिहिलं होतं. मग सही केली. आता तिथं नव्या मुली येतात. सही करायच्या आधी त्यांनाही वाचायला लावते. काही जणी वैतागतात.

तिथं दोन वर्षं भरली. या वेळी सर्टिफिकेट अर्ज केल्यावर आठ दिवसांत मिळालं, सहीशिक्क्यासकट. मागच्या सोमवारी सुट्टी काढून ठाण्याला त्याच एजंटकडे गेले. त्याच्या टेबलाशी बसून नवा फॉर्म भरायला घेतला. आधीच्या नोकऱ्यांचा एक रकाना आहे त्यात. मी नर्सिंग होमचं नाव लिहायला लागले तसा तो पुढं झुकला.

"मॅडम, ते नका टाकू. सर्टिफिकेट आहे का त्याचं?"

"नाही."

"मग कशाला? घरी होते लिहा. लग्न, आजारपण, काहीपण टाका. गॅप चालतो. विदाउट सर्टिफिकेट जॉब दाखवला तर डायरेक्ट बाद करतात. दोन वर्षं आहेत ना तुमच्याकडे? बस झाली की."

तो माझ्या भल्याचं सांगत होता. त्याला तोंडावर नाही म्हणायचंही जिवावर आलं. मी लिहीत राहिले. नर्सिंग होम, डोंबिवली. स्टाफ नर्स. लेबर रूम. सहा वर्षं. पुढं छापलं होतं, प्रमाणपत्र जोडले आहे काय. तिथं लिहिलं, नाही. मालकाने दिले नाही.

"बाद होईल हो," तो म्हणाला.

"होऊ दे."

बाद झाला तर मी दुसरा फॉर्म आणीन. तोही बाद झाला तर तिसरा. प्रत्येकात हेच लिहीन, याच शब्दांत. मस्कतला मला जायचंय, अजून जायचंय, पाठ दुखते तरी जायचंय. पण घरी होते असं लिहून जाणार नाही. ती सहा वर्षं मी घरी नव्हते. लेबर रूममध्ये होते.